काचपेटीतील पावसाळा

महाबळेश्वरच्या एका शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या बाईंचे पत्र गेल्या जुलैमध्ये आमच्याकडे आले. त्यांचा एक माजी विद्यार्थी पुण्यातील नोकरी सोडून फेब्रुवारीत गावी परतला होता आणि येताना आपला पाळीव साप बरोबर घेऊन आला होता. साप आफ्रिकेतील जातीचा, बॉल पायथन. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. पत्रासोबत एक छायाचित्र होते. पोटाच्या रुंद खवल्यांवर तांबूस डाग पडले होते आणि मधूनमधून पाणी भरलेले बारीक फोड दिसत होते. बाईंनी विचारले होते, "पेटीतील आर्द्रतामापक पन्नास ते पंचावन्न टक्के दाखवतो. पुस्तकात साठच्या आसपास हवी असे दिले आहे. म्हणजे हवा कोरडीच म्हणायची. मग ओलीमुळे होणारा हा आजार कसा झाला?"

यावर आम्ही फोनवरून काय उत्तर दिले, ते इथे सांगितलेच पाहिजे. आम्ही म्हणालो, "आकडा कमी दिसतो आहे. फवारा थोडा वाढवा आणि पशुवैद्यांना दाखवा." या उत्तराचा दुसरा भाग बरोबर होता, पहिला साफ चुकीचा. चार दिवसांनी तो साप तोंड उघडे ठेवून, घरघर आवाज करीत श्वास घेऊ लागल्याचे कळले. तेव्हा आम्ही दोन तापमापी आणि दोन आर्द्रतामापक पिशवीत टाकले आणि घाट चढलो.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याबद्दल थोडे. भारतातील कोणताही वन्य साप घरात पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण यांचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला आहे. बॉल पायथनसारख्या, सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार वनखात्याकडे करावी लागते. या तरुणाकडे ती कागदपत्रे होती. साप पाळावा असे आमचे मत नाही, आणि शाळेत तर नाहीच नाही. परंतु जो प्राणी पेटीत आलाच आहे, त्याचे हाल होऊ नयेत. शिवाय या पेटीत जे घडले, ते दहावीच्या पुस्तकातील आर्द्रता व दवबिंदू या भागाचे इतके चांगले उदाहरण आहे, की शिक्षकांना ते उपयोगी पडावे.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. येथे वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत ढग डोंगरावर टेकलेलेच असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासासाठी येथे प्रयोगशाळा उभारली, ती याच कारणाने. इथे ढगात शिरायला विमान लागत नाही, दार उघडले की पुरते. घराच्या भिंती पावसाळ्याआधी गवताने झाकण्याची जुनी पद्धतही याच ओलीसाठी.

खोलीतील तापमान २० अंश सेल्सिअस होते आणि सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के. काचपेटी सुमारे चार फूट लांब होती. तिच्या एका टोकाला वरच्या जाळीवर उष्णता देणारा दिवा होता. त्याखाली आमच्या तापमापीने ३० अंश दाखविले, आणि तेथेच, दिव्यापासून वीतभर अंतरावर, त्या तरुणाने आपला आर्द्रतामापक चिकटविला होता. त्यावर ५४ हा आकडा होता. दुसऱ्या टोकाला आम्ही आपला आर्द्रतामापक ठेवला. पंधरा मिनिटांनी त्याने ९५ च्या पुढे जाऊन वाचण्याजोगे काही सांगणेच सोडून दिले. त्या टोकाच्या काचेवरून पाण्याचे ओघळ येत होते. खाली अंथरलेला नारळाचा भुसा पिळला तर पाणी निघावे इतका भिजला होता आणि कोपऱ्यात पांढरी बुरशी धरली होती. साप तिथेच पडून होता.

"सर, मी रोज तीनदा फवारतो. तासाभरात आकडा पुन्हा पन्नासवर येतो," तो तरुण म्हणाला.

एकाच पेटीत एकाच वेळी ५४ आणि ९५ हे दोन्ही आकडे खरे होते. मापकात दोष नव्हता. हे कसे, ते पाहू.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत असलेले बाष्प आणि त्या तापमानाला त्या हवेत जास्तीत जास्त मावू शकणारे बाष्प यांचे शेकडा प्रमाण. यातील 'त्या तापमानाला' हे शब्द मुले पाठ करतात आणि विसरतात. आम्हीही फोनवर बोलताना विसरलो होतो. एक घनमीटर जागेत २० अंशाला जास्तीत जास्त सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प मावते, २५ अंशाला २३ ग्रॅम आणि ३० अंशाला ३०.४ ग्रॅम. आता खोलीतील हवा घ्या. २० अंश आणि ९५ टक्के, म्हणजे घनमीटरला १६.४ ग्रॅम बाष्प. हीच हवा पेटीत शिरून दिव्याखाली ३० अंशापर्यंत तापली. बाष्प तेवढेच, १६.४ ग्रॅम. पण आता मावू शकते ३०.४. म्हणून प्रमाण झाले ५४ टक्के. हवेतून पाण्याचा एक थेंबही कमी न होता आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. तीच हवा थंड टोकाला पुन्हा २० अंशावर गेली की पुन्हा ९५.

(एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, मग हे आकडे बदलत नाहीत का? बदलत नाहीत. किती बाष्प मावेल हे ठरते तापमानावर. सोबतची हवा विरळ आहे की दाट याचा त्यावर नगण्य परिणाम होतो.)

आता फवाऱ्याचे काय झाले? फवारलेले पाणी तापलेल्या टोकाला झपाट्याने वाफ होई. काही बाष्प तापलेल्या हवेबरोबर जाळीतून वर निघून जाई, म्हणून आकडा तासाभरात खाली येई. उरलेले पेटीतील हवेबरोबर फिरत थंड टोकाकडे जाई. समजा, फवाऱ्यानंतर पेटीतील बाष्प घनमीटरला २० ग्रॅम झाले. अशा हवेचा दवबिंदू सुमारे साडेबावीस अंश येतो. पण त्या टोकाची काच २० अंशावर होती. दवबिंदूपेक्षा थंड पृष्ठभाग मिळाला की बाष्पाचे पाणी होणारच. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर होते तसे. थोडक्यात, तो तरुण दिव्याजवळ पाणी फवारीत होता आणि ते सापाच्या अंथरुणात जाऊन साचत होते. दिवा आणि काच मिळून पेटीचे चक्क ऊर्ध्वपातनाचे यंत्र झाले होते. दिव्याजवळचा मापक मात्र इमानाने 'कोरडे' असे सांगत होता.

मग साप गरम टोकाला का गेला नाही? तो जात असे, पण रात्री दिवा बंद होत असे आणि पेटी खोलीच्याच तापमानाला येई. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील प्राणी. त्याला पेटीच्या थंड टोकालाही २५ अंशांच्या आसपास तापमान हवे. साप स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता निर्माण करीत नाही. २० अंशाला त्याचे पचन मंदावते, तशीच त्याची रोगाशी झुंजण्याची शक्तीही. नुसती ओल त्याला एकवेळ सोसते. ओल आणि गारठा एकत्र आले की पोटाच्या कातडीत जंतू शिरतात आणि श्वसनमार्गात कफ साठतो. सापाला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्यामुळे जोराने खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. घरघर आवाज आणि उघडे तोंड ही म्हणूनच धोक्याची खूण समजतात. पशुवैद्यांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली होती. पण पेटी तशीच राहिली असती तर औषधाने काय साधले असते?

इथे सापाच्या कातडीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. खवले हे सापाचे चिलखत, आणि त्यामुळे अंगातील पाणी आत राहते, असे आपण सर्रास शिकवितो. उत्तर अमेरिकेत गोफर स्नेक नावाचा बिनविषारी साप आहे. त्यातील एक साप जवळजवळ खवल्यांविना जन्माला आलेला सापडला. लिख्ट आणि बेनेट या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्याच्या कातडीतून किती पाणी उडते ते मोजून नेहमीच्या सापाशी ताडून पाहिले. फरक आढळला नाही! पुढे १९८० मध्ये रॉबर्ट्स व लिलीव्हाइट यांनी सापाच्या कातडीतील मेदासारखे पदार्थ, म्हणजे लिपिड, विद्रावकाने काढून टाकले, तेव्हा त्या कातडीतून पाणी भराभर जाऊ लागले. म्हणजे पाणी अडविणारे ते खवल्यांखालचे लिपिडांचे पातळ थर. खवले घर्षणापासून रक्षण करतात, जलरोधनाचे काम त्यांचे नव्हे. हा अडसर चांगला असला तरी पूर्ण नाही. श्वासावाटे आणि कातडीतून पाणी जातच राहते, आणि किती जाईल हे हवेतील 'रिकाम्या जागे'वर अवलंबून असते. आपल्या पेटीत दिव्याखाली ही रिकामी जागा घनमीटरला ३०.४ वजा १६.४, म्हणजे १४ ग्रॅम होती. थंड टोकाला ती जेमतेम ०.९ ग्रॅम. दोन टोकांत पंधरा पटींचा फरक! सापाने दोन फूट सरकणे म्हणजे जवळजवळ जुलैतून एप्रिलमध्ये जाणे.

एप्रिलचे नाव निघाले, तर या गोष्टीचा आधीचा भाग सांगायला हवा. तो तरुण फवारा मारायला शिकला तो उन्हाळ्यात. मार्चमध्ये महाबळेश्वरची दुपारची हवा पार कोरडी होते. २८ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरला जेमतेम ८.२ ग्रॅम बाष्प. दिव्याखाली ३० अंशाला ते २७ टक्के भरते. त्याच महिन्यात सापाने कात टाकली आणि ती तुकड्या-तुकड्यांनी निघाली.

कात टाकताना सापाच्या जुन्या कातडीखाली नवी कातडी पूर्ण तयार होते, आणि दोहोंच्या मध्ये द्रव पाझरून त्या सुट्या होतात. त्या दिवसांत रंग मळकट होतो, डोळे दुधाळ निळसर दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघायचा असतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर साप नाक दगडावर घासून कात ओठांपाशी सोडवितो आणि मोजा उलटा काढावा तसा तिच्यातून बाहेर पडतो. या काळात हवा फार कोरडी असेल किंवा सापाच्या शरीरातच पाणी कमी असेल तर जुनी कातडी वाळून चिकटते. शेपटीच्या टोकाला तिचे कडे राहिले तर रक्तपुरवठा तुटून टोक सडू शकते. डोळ्यावरचा खवला राहिला तर चिमट्याने ओढण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, डोळा कायमचा जाण्याचा संभव असतो. या तरुणाने मार्चमध्ये फवारा सुरू केला, पुढची कात नीट निघाली, आणि फवारा ही सवय होऊन बसली. मार्चमध्ये ती बरोबर होती. जूनमध्ये पाऊस आला तरी मापकाचा आकडा ५४ च्या वर जाईना, मग सवय तरी का मोडावी?

त्याच्याकडे असलेले पुस्तक परदेशी होते. तेथील घरे हिवाळाभर तापविलेली असतात आणि आतील हवा कोरडी ठक्क असते. 'दिवसातून दोनदा फवारा' हा सल्ला त्या घरांसाठी ठीक आहे. अशा पुस्तकांतील कृती जशाच्या तशा उचलून सह्याद्रीच्या माथ्यावर आणल्या की काय होते, ते समोर दिसतच होते.

उपाय साधा निघाला. जुलैत महाबळेश्वरला ओल आटोक्यात ठेवायची ती पाण्याने नव्हे, उष्णतेने. ओला भुसा काढून टाकला, पेटी पुसून वाळविली आणि औषध लागू पडेपर्यंत तळाला नुसता कागद अंथरला. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावला. प्रकाश न देणारा तापक थर्मोस्टॅटला जोडून रात्रंदिवस चालू ठेवला, म्हणजे थंड टोक २५ अंशाखाली जाणार नाही. आता हिशेब करा: बाहेरची तीच १६.४ ग्रॅमची हवा थंड टोकाला ७१ टक्के आणि गरम टोकाला ५४ टक्के. पुस्तकात हवी होती ती साठीच्या आसपासची आर्द्रता एकही थेंब न फवारता मिळाली! काच कोरडी झाली. कारण तिचे तापमान आता दवबिंदूच्या वर होते. जाळी झाकून ओल 'कोंडण्या'चा सल्ला काही जण देतात. पावसाळ्यात तो घातक आहे. हवा खेळती राहिलीच पाहिजे.

सापाला मधूनच दमट जागा लागते, विशेषतः कातीच्या दिवसांत. तिची सोय संपूर्ण पेटी भिजवून करायची नसते. रानात तो काय करतो? बॉल पायथन उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. आपल्याकडे नागही वारुळात शिरतो, ते वाळवीने बांधलेले आयते घर असते. बाहेर रणरणते ऊन असले तरी वारुळाच्या आत हवा दमट आणि तापमान बरेच स्थिर असते. साप ओल आणि कोरडेपणा यांतून निवड करीत हिंडतो, आणि पेटीतही त्याला ही निवड मिळाली पाहिजे.

यासाठी आम्ही बाजारातून एक बिनझिलईचे मडके आणविले. तोंडाची एक बाजू फोडून कड घासून गुळगुळीत केली, आत मूठभर ओलसर शेवाळ घातले आणि ते पेटीच्या मधोमध आडवे ठेवले. मडके सच्छिद्र असते. ओल त्याच्या भिंतीत मुरते आणि हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे आतली हवा दमट राहते पण पाणी साचत नाही. सापासाठी मडके ही काही आमची युक्ती नव्हे. तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ १९७८ मध्ये स्थापन झालेली इरुला सर्पमित्रांची सहकारी संस्था विष काढण्यासाठी आणलेले साप काही आठवडे मडक्यांतच ठेवते. तळाला वाळू, तोंडाला कापड. नंतर साप रानात सोडतात. आपल्या सांगली जिल्ह्यात, बत्तीस शिराळ्याला, नागपंचमीसाठी पकडलेले नागही मडक्यांत ठेवीत. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या प्रथेवर बंदी आली, आणि ते योग्यच झाले. पण मडके निवडणाऱ्याला साप कशात तग धरतो हे नक्की ठाऊक असले पाहिजे.

महाबळेश्वरच्या मातीत याचे आणखी सुंदर उदाहरण आहे. येथे खापरखवल्या नावाचे गांडुळे खाणारे, बिळात राहणारे लहान साप आढळतात. त्यांतील एका उपजातीला १९५५ मध्ये 'महाबळेश्वरेन्सिस' असे गावाचेच नाव मिळाले. पावसात जमीन भिजली की ते वर दिसतात, पुढे जमीन वाळत गेली तसे ओल शोधीत खाली जातात. मुलांना ते पावसाळ्यात रस्त्यावर सापडतात. काचेच्या बरणीत घालून वर्गात आणण्याची इच्छा होते. त्यांना तसे आणू देऊ नये. कायदा तर आहेच, पण ज्या ओलसर मातीत हा जीव जगतो ती बरणीत कधीच देता येत नाही.

शाळेत हा सारा प्रयोग सापाशिवाय करता येतो. माशांची रिकामी टाकी, एका टोकाला साठ वॅटचा दिवा, दोन तापमापी आणि दोन आर्द्रतामापक. दोन्ही टोकांना सारख्या बशीत सारखे पाणी ठेवून दर दोन तासांनी वजन करावे. आर्द्रतामापक आधी तपासून घ्यावेत, स्वस्तातल्या मापकांत दहा-दहा टक्क्यांची चूक असू शकते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे दिसेल इतपत पाणी घालावे, आणि झाकण व मापक हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असते. सकाळी मापक ७५ ऐवजी ६८ दाखवीत असेल, तर त्याच्या आकड्यात सात मिळवावेत. त्या तरुणाचा मापक ७४ दाखवीत होता. मापक निर्दोष, जागा मात्र चुकीची!

सप्टेंबरअखेर सापाच्या पोटावरचे व्रण भरून आले. काही खवल्यांवर डाग राहिले आहेत, ते पुढच्या दोन-तीन कातींबरोबर फिकट होत जातील. जानेवारीतील एका रात्री बाईंनी मुद्दाम मोजून आम्हांला कळविले: बाहेर १२ अंश, आर्द्रता ६० टक्के. आकडा उन्हाळ्यापेक्षा दुप्पट, पण बाष्प केवळ ६.४ ग्रॅम, म्हणजे तापलेल्या टोकाला २१ टक्के, मार्चपेक्षाही कोरडे. मडक्यातील शेवाळ त्यांनी पुन्हा ओले करायला लावले होते आणि पाण्याचे भांडे गरम टोकाकडे सरकविले होते.

ऑक्टोबरमध्ये निघालेली कात अखंड होती, दोन्ही डोळ्यांच्या खवल्यांसकट. बाईंनी ती वर्गात नेली. मुलांनी मोजली तर ती सापापेक्षा बरीच लांब भरली. साप आखडला की काय, असे एकाने विचारले. खवल्यांच्या मधली मऊ कातडी, जी सापाच्या अंगावर घडी होऊन असते, ती कात निघताना ताणली जाऊन उलगडते. हे त्यांनी भिंगातून पाहिले. ती कात आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या आणि सिलिका जेलची पुडी यांच्यासह. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात तिलाही बुरशी धरायला वेळ लागणार नाही.